घशाच्या कर्करोगातील पेशी-आसंजन प्रथिने : एका संकल्पनेचा ऐतिहासिक आढावा

सारांश

घशाच्या कर्करोगात रुग्णाचे भवितव्य मूळ गाठीच्या आकाराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तिच्या प्रसारावर अवलंबून असते. पेशींना परस्परांशी आणि त्यांच्या आधाराशी जखडून ठेवणाऱ्या प्रथिनांचा या प्रसाराशी संबंध कसा लक्षात आला, तो कोणत्या टप्प्यांनी सिद्ध झाला आणि पुढे त्यात कोणत्या दुरुस्त्या कराव्या लागल्या, याचा ऐतिहासिक मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. ‘आसंजन सुटले की कर्करोग पसरतो’ हे सूत्र प्रारंभी अत्यंत फलदायी ठरले. तथापि, अलीकडील संशोधनाने त्याची मर्यादाही दाखवून दिली आहे. या मर्यादेचे परिणाम प्रयोगशाळेपुरते राहत नाहीत, ते शस्त्रक्रियागृहापर्यंत पोहोचतात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : घशाचा कर्करोग, पेशी-आसंजन, कॅडहेरिन, इंटेग्रिन, लसिकाग्रंथी, वैद्यकाचा इतिहास.

१. प्रस्तावना

‘घशाचा कर्करोग’ हे एका व्याधीचे नाव नसून स्वरयंत्र आणि ग्रसनी या भागांत उद्भवणाऱ्या कर्करोगांचे सामान्य नाव होय. यांपैकी बहुसंख्य कर्करोग या अवयवांना आतून आच्छादणाऱ्या पट्टकी अभिस्तरात सुरू होतात. मुखाच्या कर्करोगाचीही बव्हंशी हीच कथा आहे. म्हणून विज्ञानाच्या इतिहासात मुख, ओठ आणि घसा यांवरील संशोधन एकमेकांत गुंतलेले आढळते.

निरोगी अभिस्तरातील पेशी थरांवर थर रचून राहतात. प्रत्येक पेशी शेजारच्या पेशीशी अनेक जोडांनी बांधलेली असते आणि सर्वांत खालचा थर एका पातळ आधारपटलाला घट्ट धरून असतो. घास गिळताना, बोलताना, खोकताना या भागावर सतत ताण पडतो, तरी थर विस्कटत नाही. कर्करोगात मात्र काही पेशी आधारपटल ओलांडून खाली उतरतात आणि लसीकावाहिन्यांतून मानेतील लसिकाग्रंथींपर्यंत जातात. स्वरतंतूपुरता मर्यादित असलेला कर्करोग किरणोपचाराने अथवा शस्त्रक्रियेने बहुधा बरा करता येतो. मानेतील ग्रंथीत तो पोहोचला की रुग्णाच्या जगण्याची शक्यता साधारणतः निम्म्यावर येते, असे शल्यविशारद दीर्घकाळ मानत आले आहेत. त्यामुळे ‘पेशी आपली जागा का सोडते?’ हा या रोगाच्या अभ्यासातील मध्यवर्ती प्रश्न ठरतो. या प्रश्नाच्या उत्तराचा प्रवास कालक्रमाने मांडणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

२. पार्श्वभूमी : सम्राटाचा घसा आणि विकृतिशास्त्राची मर्यादा

गायनशिक्षक मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ साली लहान आरशांच्या साहाय्याने स्वतःचे स्वरयंत्र पाहिले आणि तोवर केवळ शवविच्छेदनात दिसणारा हा अवयव जिवंत माणसात पाहता येऊ लागला. १८७३ च्या अखेरीस व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची शस्त्रक्रिया केली. गाठ दिसू लागली आणि काढताही येऊ लागली. ती कर्करोगाची आहे की नाही, हे ठरवणे मात्र कठीणच राहिले.

या अडचणीचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांचे होय. १८८७ साली त्यांच्या स्वरतंतूवर वाढ आढळली. बर्लिनच्या वैद्यांनी शस्त्रक्रियेचा आग्रह धरला, तर ब्रिटिश तज्ज्ञ मोरेल मॅकेन्झी यांनी आधी ऊतीचा तुकडा तपासावा असे सुचवले. आधुनिक विकृतिशास्त्राचे प्रणेते रुडॉल्फ व्हिर्शो यांनी ते तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांत कर्करोगाचा पुरावा आढळला नाही. आपला निष्कर्ष हाती आलेल्या तुकड्यांपुरताच आहे, संपूर्ण विकाराविषयी त्यावरून खात्री देता येणार नाही, असेही त्यांनी नमूद केले होते. शस्त्रक्रिया टळली. मार्च १८८८ मध्ये फ्रेडरिक सम्राट झाले, तेव्हा श्वासनलिकेला छिद्र पाडून त्यांचा श्वास चालू ठेवलेला होता. ९९ दिवसांच्या राजवटीनंतर १५ जून १८८८ रोजी त्यांचे निधन झाले आणि शवविच्छेदनात कर्करोग सिद्ध झाला.

या प्रकरणाचे राजकीय परिणाम इतिहासकारांनी पुष्कळ चर्चिले आहेत. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील वैद्यकीय बाब अधिक महत्त्वाची आहे. पेशींनी सीमा ओलांडली आहे का, हे पाहूनच विकृतिशास्त्रज्ञ कर्करोगाचा निर्णय देतो. वरवरच्या लहान तुकड्यात ती सीमाच आलेली नसेल, तर निर्णय कशाच्या आधारे द्यायचा? सीमा ओलांडण्याची क्षमता पेशीत कशामुळे येते, हे सांगणारे कोणतेही साधन त्या काळी उपलब्ध नव्हते.

पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या ७३५ मृत रुग्णांच्या नोंदी अभ्यासून ‘बीज आणि भूमी’ ही कल्पना मांडली. पसरणारी पेशी हे बीज आणि ती जेथे रुजते तो अवयव ही भूमी. १९०६ साली अमेरिकेत जॉर्ज क्राइल यांनी डोके व मान यांच्या कर्करोगावरील १३२ शस्त्रक्रियांच्या अनुभवावरून मानेतील लसिकाग्रंथी सभोवतालच्या ऊतींसह एकत्रितपणे काढून टाकण्याची पद्धत प्रसिद्ध केली. प्रसाराचे कारण अज्ञात असताना प्रसाराचा मार्गच कापून काढणे, हा त्या काळाचा व्यवहार्य तोडगा होता.

३. भ्रूणविज्ञानातील समांतर धागा

पेशी एकमेकींना कशा धरून राहतात, हा प्रश्न त्याच सुमारास कर्करोगाशी काहीही संबंध नसलेल्या एका शाखेत विचारला जात होता. १९०० साली कर्ट हर्ब्स्ट यांनी दाखवले की, कॅल्शियमविरहित समुद्रजलात ठेवल्यास सागरी अर्चिनच्या भ्रूणातील पेशी सुट्या होतात आणि कॅल्शियम परत मिळाल्यास पुन्हा जुळतात. १९०७ साली अमेरिकेत एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज बारीक विणीच्या रेशमी कापडातून दाबून गाळला. त्याच्या सुट्या झालेल्या पेशी एकत्र येऊन त्यांच्यातून पुन्हा स्पंज तयार झाला.

जर्मन भ्रूणशास्त्रज्ञ योहानेस होल्टफ्रेटर यांनी १९३९ मध्ये ऊतींना परस्परांविषयी निवडक ‘आकर्षण’ असते, असा विचार मांडला. पुढे अमेरिकेत फिलिप टाउन्स यांच्यासमवेत त्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग अभिजात ठरले. उभयचर प्राण्यांच्या भ्रूणातील वेगवेगळ्या थरांच्या पेशी त्यांनी एकत्र कालवल्या. काही काळाने त्या आपापल्या जातीनुसार वेगळ्या झाल्या आणि आपल्या योग्य जागी गेल्या. सारांश, पेशींच्या पृष्ठभागावर परस्परओळखीची काही व्यवस्था आहे, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्पष्ट झाले होते. ही व्यवस्था कोणत्या रेणूंची आहे, ते मात्र कोणालाही ठाऊक नव्हते.

४. कोमन यांचे मापन (१९४४)

हे दोन धागे जोडण्याचा पहिला निर्णायक प्रयत्न पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डेल रेक्स कोमन यांनी केला. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगाची रचना साधी होती. सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकींना चिकटलेल्या दोन पेशी अतिसूक्ष्म सुयांनी पकडायच्या, त्या विरुद्ध दिशांना ओढायच्या आणि त्या विलग होईपर्यंत सुई किती वाकते हे मोजायचे. निरोगी पट्टकी पेशींच्या तुलनेत कर्करोगग्रस्त पट्टकी पेशी फारच कमी बळाने सुटतात, असे त्यांना आढळले. हे मापन ज्या ऊतींवर झाले त्यांत ओठाच्या कर्करोगाचा समावेश होता. घशातील कर्करोगाचा प्रकारही तोच.

पेशींमधील बंध सैल होणे ही कर्करोगाच्या आक्रमकतेची पूर्वअट असावी, असे कोमन यांनी सुचवले. कॅल्शियमच्या भूमिकेकडेही त्यांनी लक्ष वेधले होते. त्यांचे निरीक्षण उपयुक्त होते, परंतु सैल झालेला बंध कशाचा बनलेला आहे हे सांगता येत नव्हते. त्यामुळे पुढील सुमारे तीन दशके हा विचार पुढे सरकू शकला नाही. विज्ञानाच्या इतिहासाच्या दृष्टीने ही बाब लक्षणीय आहे. मापन आधी झाले आणि ज्या वस्तूचे ते मापन होते, ती वस्तू फार नंतर हाती आली.

५. रेणूचा शोध : कॅडहेरिन

ती वस्तू हाती आली ती पुन्हा भ्रूणविज्ञानाच्याच मार्गाने. क्योटो येथील संशोधक मासातोशी ताकेइची १९७० च्या दशकात काही काळ बाल्टिमोर येथील कार्नेगी संस्थेच्या भ्रूणविज्ञान विभागात काम करीत होते. क्योटोत ट्रिप्सिन या विकराने सुट्या केलेल्या पेशी सहज पुन्हा जुळत, बाल्टिमोरमध्ये मात्र त्या जुळेनात. कारण शोधता असे दिसले की, बाल्टिमोरच्या ट्रिप्सिन-द्रावणात कॅल्शियम बांधून घेणारे ईडीटीए हे रसायन मिसळलेले होते. कॅल्शियम उपस्थित असेल तर पेशीच्या पृष्ठभागावरील एक विशिष्ट प्रथिन ट्रिप्सिनपासून बचावते. कॅल्शियम नसेल तर ते नष्ट होते आणि त्यासोबत पेशींची जुळण्याची क्षमताही जाते. दोन प्रयोगशाळांच्या रीतींतील या क्षुल्लक भासणाऱ्या फरकातून १९७७ सालचा शोधनिबंध आकारास आला. १९८४ मध्ये या प्रथिनाला ‘कॅडहेरिन’ हे नाव मिळाले आणि १९८७ मध्ये अभिस्तरातील ई-कॅडहेरिनच्या जनुकीय अनुक्रमाचा उलगडा झाला.

याच काळात पॅरिसमध्ये फ्रान्स्वा जेकब यांच्या गटात रॉल्फ केमलर व सहकारी उंदराच्या भ्रूणातील एका आसंजन-प्रथिनाचा अभ्यास करीत होते. त्याला त्यांनी ‘युव्होमोरुलिन’ म्हटले. न्यूयॉर्कमध्ये जेराल्ड एडेलमन यांच्या गटाला कोंबडीच्या यकृतात याच वर्गातील प्रथिन मिळाले. निरनिराळ्या नावांनी वर्णिलेले प्रथिन मूलतः एकच आहे, हे पुढे स्पष्ट झाले. १९८९ मध्ये केमलर यांच्या गटाने या प्रथिनाची पेशीच्या आतील बाजूस असणारी साखळी दाखवून दिली आणि तिच्या घटकांना ‘कॅटेनिन’ असे नाव दिले. अशा रीतीने पेशीजोडाचे चित्र पूर्ण झाले. बाहेर दोन पेशींची कॅडहेरिने कॅल्शियमच्या साहाय्याने एकमेकांत गुंततात, तर आत कॅटेनिने त्यांना पेशीच्या सांगाड्याशी बांधतात.

६. घशाच्या कर्करोगाकडे : १९८६ ते १९९१

रेणू हाती येताच कोमन यांचा जुना प्रश्न नव्याने विचारता आला. १९८९ साली जर्मनीतील युर्गन बेरेन्स, वॉल्टर बिर्शमायर आणि बेल्जियममधील त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी अभिस्तर पेशींमधील ई-कॅडहेरिनला प्रतिपिंडांनी अडवले. त्या पेशी सुट्या होऊन सभोवतालच्या माध्यमात घुसू लागल्या. आसंजन हिरावून घेतल्याने आक्रमकता येते, हे यातून दिसले.

१९९१ मध्ये बिर्शमायर यांच्याच सहकार्याने यॉर्ग शिपर आणि इतरांनी डोके व मान यांच्या पट्टकी कर्करोगांतील ई-कॅडहेरिन तपासले. ज्या अर्बुदांत पेशींचे मूळ स्वरूप बरेचसे टिकून होते, त्यांत हे प्रथिन आढळले. स्वरूप जसजसे हरपत गेले, तसतसे प्रथिनही घटत गेले. लसिकाग्रंथींतील प्रसाराशीही त्याचे व्यस्त नाते दिसले. कोमन यांच्या सुईने जे १९४४ साली मोजले होते, त्याचे रासायनिक नाव ४७ वर्षांनी रुग्णाच्या ऊतीत वाचता आले.

आसंजनाची दुसरी बाजू म्हणजे पेशीचे आधारपटलाशी असलेले नाते. हे काम प्रामुख्याने इंटेग्रिन या प्रथिनसमूहाकडे असते. हे नाव रिचर्ड हाइन्स यांच्या गटाने १९८६ मध्ये दिले. त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठातील थॉमस केरी यांच्या गटाने पट्टकी कर्करोगातील ‘ए-९’ नामक एका प्रतिजनाचे वर्णन केले. निरोगी अभिस्तरात ते केवळ सर्वांत खालच्या थराच्या आधारपटलाकडील बाजूस असते, कर्करोगात मात्र ही शिस्त मोडते. हे प्रतिजन म्हणजे अल्फा-६ बीटा-४ इंटेग्रिनच आहे, असे १९९१ मध्ये स्पष्ट झाले. येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात येतो. ई-कॅडहेरिन आक्रमक कर्करोगात घटताना दिसले, तर हे इंटेग्रिन वाढताना व आपली नेमून दिलेली जागा सोडताना दिसले. म्हणजे ‘आसंजन सुटले’ एवढेच म्हणणे तेव्हाही अपुरे होते. आसंजनाची मांडणी बदलली, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरले असते. परंतु १९९० च्या दशकात पहिलेच सूत्र अधिक लोकप्रिय झाले.

७. सूत्राची फेरतपासणी

१९९८ साली या सूत्राला दोन बाजूंनी बळ मिळाले. उंदरांच्या स्वादुपिंडातील अर्बुदांवरील प्रयोगात ई-कॅडहेरिनच्या ऱ्हासाने सौम्य गाठीचे कर्करोगात रूपांतर होण्यास चालना मिळते, असे गेरहार्ड क्रिस्टोफोरी यांच्या गटाने दाखवले. न्यूझीलंडमध्ये पॅरी गिलफोर्ड व सहकाऱ्यांना जठराच्या कर्करोगाने ग्रासलेल्या माओरी कुटुंबांत ई-कॅडहेरिनच्या जनुकातील आनुवंशिक उत्परिवर्तन सापडले. परंतु याच दुसऱ्या शोधात एक प्रश्नही दडलेला होता. हे सदोष जनुक घेऊन जन्मलेल्यांना प्रामुख्याने जठराच्या आणि स्तनाच्या विशिष्ट प्रकारच्या कर्करोगाचा धोका असतो, घशाच्या नव्हे. मग घशात ई-कॅडहेरिन कमी का होते?

उत्तराचा एक भाग २००० साली स्पेनमधून आला. तेथील दोन गटांनी दाखवले की, ‘स्नेल’ नावाचे प्रथिन ई-कॅडहेरिनच्या जनुकाचे कार्य दाबून टाकते. भ्रूणावस्थेत पेशींना थर सोडून स्थलांतर करता यावे, यासाठी निसर्गाने योजलेली ही यंत्रणा कर्करोग पुन्हा कार्यान्वित करतो. जनुक मोडत नाही, ते मिटवून ठेवले जाते. २०१५ साली डोके व मान यांच्या २७९ अर्बुदांचा समग्र जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ई-कॅडहेरिनचे जनुक प्रमुख उत्परिवर्तित जनुकांत नव्हते. मात्र कॅडहेरिनच्याच विस्तारित कुळातील ‘फॅट-१’ हे जनुक त्यांत होते.

जे मिटवले आहे ते पुन्हा उघडताही येते, हा याचा तार्किक परिणाम होय. २०१७ साली अमेरिकेतील सिद्धार्थ पुरम व सहकाऱ्यांनी मुखाच्या पट्टकी कर्करोगाच्या १८ रुग्णांतील सुमारे ६,००० पेशी एकेक करून तपासल्या. गाठीच्या आक्रमक कडेवर असलेल्या पेशी आपले अभिस्तरीय स्वरूप पूर्णपणे टाकत नाहीत, त्या एका मध्यम अवस्थेत असतात, असे त्यांना आढळले. या अंशतः झालेल्या बदलाचे लसिकाग्रंथींतील प्रसाराशी नाते दिसले. २०१९ मध्ये वीणा पद्मनाभन, अँड्र्यू इवाल्ड आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या प्रयोगांत त्याहून धक्कादायक निष्कर्ष मांडला. ई-कॅडहेरिन काढून टाकल्यावर पेशींची घुसखोरी वाढली खरी, परंतु त्यांची तगून राहण्याची आणि दूरच्या अवयवात रुजण्याची क्षमता घटली. पॅजेट यांच्या भाषेत सांगायचे तर, बीज सुटले, पण रुजेना.

घशाच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. टॉन्सिल व जिभेचे मूळ या भागांतील अनेक कर्करोग मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होतात. असे कर्करोग लसिकाग्रंथींत लवकर पोहोचतात, तरीही त्यांचे रुग्ण तुलनेने अधिक जगतात. म्हणूनच अमेरिकेत २०१८ पासून लागू झालेल्या टप्पानिश्चितीच्या पद्धतीत त्यांचा स्वतंत्र विचार केला गेला. प्रसार आणि मृत्यू यांचे नातेही सर्वत्र सारखे नाही, याचा हा पुरावा होय.

८. मुंबईतील संशोधन आणि प्रश्नाची व्यावहारिक बाजू

या इतिहासाशी महाराष्ट्राचा संबंध केवळ रुग्णसंख्येपुरता नाही. परळ येथे १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कर्करोगाच्या विकृतिशास्त्राची परंपरा रुजवली. १९५२ साली त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर यांनी १९५५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तंबाखू ओढणे व चघळणे यांचा वरच्या अन्नमार्गाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडला. त्याच संस्थेची परंपरा पुढे चालवणाऱ्या, नवी मुंबईतील खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ केंद्रात आसंजनावर मूलभूत संशोधन झाले. डेस्मोसोम या पेशीजोडातील प्लाकोफिलिन-३ घटवल्यास पेशींचे आसंजन कमी होऊन प्रसार वाढतो, असे तेथील संशोधकांनी २००८ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगपेशींवर दाखवले. मुखाच्या अर्बुदापासून मिळवलेल्या पेशींतील केराटिन आणि अल्फा-६ बीटा-४ इंटेग्रिन यांचे नाते २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

असे असूनही एखाद्या रुग्णाच्या मानेत सूक्ष्म प्रसार झाला आहे की नाही, हे केवळ आसंजन-प्रथिने तपासून खात्रीने सांगता येत नाही. याची किंमत काय, हे टाटा मेमोरियलमध्येच झालेल्या एका चाचणीवरून कळते. डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या या चाचणीत मुखाच्या कर्करोगाच्या प्रारंभिक अवस्थेतील, मानेत गाठ हाताला न लागणाऱ्या ५०० रुग्णांचे विश्लेषण होते. एका गटात मूळ शस्त्रक्रियेसोबतच मानेतील ग्रंथी काढल्या, दुसऱ्या गटात प्रसार दिसल्यावरच काढल्या. तीन वर्षांनंतर पहिल्या गटातील ८० टक्के, तर दुसऱ्या गटातील ६७.५ टक्के रुग्ण हयात होते. उपचाराची दिशा त्यामुळे स्पष्ट झाली. तथापि, पहिल्या गटात प्रत्यक्ष ग्रंथींत कर्करोग आढळला तो सुमारे ३० टक्के रुग्णांत. उर्वरित रुग्णांच्या मानेवरील शस्त्रक्रिया ही आपल्या अज्ञानापोटी द्यावी लागलेली किंमत होती. कोणती पेशी सुटणार हे आधी सांगता आले असते, तर ती टळू शकली असती. ही चाचणी मुखाच्या कर्करोगाची असली, तरी छुप्या प्रसाराचा हाच पेच घशाच्या अनेक कर्करोगांतही शल्यविशारदापुढे असतो.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) घशाच्या कर्करोगातील आसंजनाची संकल्पना कर्करोगशास्त्रात एकाकीपणे घडली नाही. तिचे निरीक्षण विकृतिशास्त्राने केले, तर रेणू भ्रूणविज्ञानाने पुरवला. स्पंज, अर्चिन आणि बेडूक यांच्या अभ्यासाला उपयुक्ततेच्या निकषावर नाकारले असते, तर कोमन यांच्या मापनाचा अर्थ लागला नसता.

२) ‘आसंजनाचा ऱ्हास म्हणजे प्रसार’ हे सूत्र १९८९ ते १९९८ या काळात दृढ झाले. परंतु इंटेग्रिनविषयीचा पुरावा त्याच काळात वेगळी दिशा दाखवत होता. २००० नंतरच्या संशोधनाने हा ऱ्हास अंशतः व परतवता येण्याजोगा असल्याचे, आणि प्रसार पावणाऱ्या पेशीला आसंजनाची गरजही असू शकते असे दाखवले.

३) या दुरुस्तीला व्यावहारिक महत्त्व आहे. एकाच प्रथिनाच्या असण्या-नसण्यावरून रुग्णाचे भवितव्य वाचण्याची अपेक्षा का पूर्ण झाली नाही, याचे उत्तर तिच्यात आहे. पेशीने कोणता बंध सोडला, कोणता राखला आणि कोणता नव्याने जोडला, हे एकत्रितपणे वाचणारी परीक्षा जोवर शस्त्रक्रियागृहापर्यंत येत नाही, तोवर क्राइल यांनी १९०६ साली दाखवलेल्या वाटेनेच शल्यविशारदाला जावे लागेल.

व्हिर्शो यांच्यापुढील तुकड्यात सीमा दिसत नव्हती. आज ती सीमा राखणारी प्रथिने नावानिशी ज्ञात आहेत. त्या ज्ञानाचा लाभ मानेवर व्रण वागवणाऱ्या सामान्य रुग्णाला कितपत होतो, हीच या संशोधनपरंपरेची यापुढील कसोटी राहील.